जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११: घेईल का, चालेल का, सोसवेल का

मध्यंतरी नौपाड्यातून मामाचा फोन आला. म्हणे, "अरे, माझा कॉम्प्युटर गेला." मी विचारलं गेला म्हणजे काय, चालू होत नाहीये का, तर म्हणे चालू आहे की, आत्ता त्याच्यावरच सोसायटीचा हिशोब करतोय, पण स्टेशनजवळच्या रिपेरवाल्याने सांगितलं की दहा बंद झालं आणि ह्याच्यावर अकरा चढणार नाही, म्हणजे हा गेला, नवीन घ्या. आता आमच्या मामाला कुठलीही चालू वस्तू टाकायची म्हटलं की जिवावर येतं, त्याच्या घरातला मिक्सर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. तेव्हा रविवारी सकाळी कोपरखैरण्याहून ठाण्याची गाडी पकडली, खिशात एक पेनड्राइव्ह आणि एक स्क्रू ड्रायव्हर, आणि गेलो.

हे सगळं लिहितोय कारण त्यानंतर ओळखीतल्या चारपाच जणांनी हेच विचारलं, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला.

पहिली गोष्ट. "चालेल का" हा एक प्रश्न नाहीये, तीन आहेत, आणि दुकानदार लोक तिन्हींचं एकच उत्तर देऊन टाकतात. एक, विंडोज ११ चा इन्स्टॉलर ह्या मशीनला आत घेईल का. दोन, घेतलं किंवा ढकलून घुसवलं तर ते खरंच चालेल का. तीन, चाललं तरी तुम्हाला रोज त्याच्यासमोर बसून ते सोसवेल का. संध्याकाळी ट्रान्सहार्बरचं तिकीट मिळणं वेगळं, डब्यात शिरायला मिळणं वेगळं आणि टेकायला जागा मिळणं वेगळं, तसंच आहे हे. आणि गंमत म्हणजे ह्या तिन्हींची उत्तरं एकमेकांच्या उलट येऊ शकतात, मामाच्या आणि माझ्या भाचीच्या मशीनवर नेमकं तेच झालं, ते पुढे सांगतो.

आधी दहाचं काय झालं ते. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये आणि त्याचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही, त्या दिवशीही चालू होता, आजही होतो. फक्त सिस्टिममध्ये नवीन भोकं सापडली तर ती बुजवणारे फुकटचे अपडेट येणं थांबलं. आतला अँटिव्हायरस आहे, डिफेंडर, त्याच्या नवीन व्हायरसच्या याद्या येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण ते म्हणजे दाराचं कुलूप मोडलंय आणि वॉचमन तेवढा जागा आहे. मामासारखा माणूस त्याच मशीनवरून सोसायटीच्या खात्यातून पैसे फिरवतो, त्याला मी हे असंच चालू द्या असं सांगू शकत नाही.

पण मधली एक वाट आहे आणि ती रिपेरवाल्याने सांगितली नव्हती. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची मुदतवाढ दिली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तिला ईएसयू म्हणतात. तुमच्या सेटिंगचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू केला तर फुकट, नाहीतर त्यांचे रिवॉर्डचे १००० पॉइंट द्या, नाहीतर ३० डॉलर भरा. अट इतकीच की विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साइन इन केलेलं पाहिजे. विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसते. म्हणजे आज लगेच धावत सुटायची गरज नाही, हे सगळ्यात आधी डोक्यात घ्या, घाईत घेतलेला लॅपटॉप कधीच धड निघत नाही.

आता तपासणी. मायक्रोसॉफ्टचंच एक छोटं ॲप आहे, पीसी हेल्थ चेक, ते टाका, चेक नाऊ दाबा, ते हिरव्या आणि लाल खुणा दाखवतं. बहुतेक लोक इथे एक लाल खूण बघतात आणि लॅपटॉप बंद करून डोक्याला हात लावतात. तसं करू नका. लाल खुणा दोन जातीच्या असतात, एक म्हणजे मशीनमध्ये ती गोष्ट आहे पण बंद करून ठेवलीय, आणि दुसरी म्हणजे ती गोष्ट मुळात नाहीच. पहिली जात दहा मिनिटांत सुटते. दुसरीवर मात्र पैसे लागतात नाहीतर तडजोड.

मामाच्या डेस्कटॉपवर तीन लाल आले. टीपीएम, सिक्युअर बूट आणि प्रोसेसर. मामाचा चेहरा पडला, मामी आतून म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं का, घ्या आता नवीन."

टीपीएम म्हणजे काय ते जरा नीट सांगतो कारण ह्यावरच लोक सगळ्यात जास्त अडकतात. मदरबोर्डवर एक चिमुकली तिजोरी असते, तिच्यात पासवर्ड नाही ठेवत, तर कुलूप उघडायच्या किल्ल्या ठेवतात, आणि ती तिजोरी किल्ली सहसा बाहेर देत नाही, काम आतच करून फक्त निकाल देते. तुमची हार्ड डिस्क एन्क्रिप्ट असेल, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी केलेली असेल, तर तिची किल्ली इथे असते, आणि कोणी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर त्याला नुसता भुसा दिसतो. विंडोज ११ ला ह्याची २.० आवृत्ती लागते. वेगळी चिप असेलच असं नाही, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हीच सोय पीटीटी नावाने बसवलेली असते आणि एएमडीत एफटीपीएम नावाने. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडता येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, टीपीएम शोधत बसाल तर सापडणारच नाही, कारण तिथे नाव वेगळंच लिहिलेलं असतं! माझा नेरूळचा एक मित्र, स्वतः पार्ट आणून असेंबल केलेला दणकट पीसी, गेम खेळतो, त्याला हेल्थ चेकने नापास केलं आणि तो दोन दिवस नवीन मदरबोर्डचे भाव बघत होता. एफटीपीएम नुसतं डिसेबल होतं. चालू केलं, रिस्टार्ट, पास.

आहे की नाही हे बायोसमध्ये न जाताही कळतं. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबलं की डाव्या कोपऱ्यात रनची छोटी खिडकी उघडते, तिथे इंग्लिशमध्ये टीपीएम, मग डॉट, मग एमएससी असं सलग टाइप करून एंटर मारा. खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं तर झालं. कम्पॅटिबल टीपीएम सापडत नाही असं म्हणालं तर एकतर बंद आहे नाहीतर नाही. २०१६ च्या जुलैअखेरपासून विंडोज १० सोबत विकल्या जाणाऱ्या नवीन मशीनना टीपीएम २.० द्यायचंच असा नियम होता, त्यामुळे त्यानंतरचा ब्रँडेड लॅपटॉप असेल तर बहुतेक आहेच समजा.

एक मिनिट, बायोसला हात लावायच्या आधी हे वाचा, मी कळवळून सांगतोय. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तुमच्या नकळत डिस्कचं एन्क्रिप्शन चालू झालेलं असतं, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन. तुम्ही टीपीएमच्या किंवा सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी निळी स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा गेला, तुमच्याच मशीनमधून तुम्हीच बाहेर. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असू शकते, मोबाइलवरून लॉगिन करून आधी बघा आणि कागदावर उतरवून घ्या. कागदावर. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करणारेही लोक मी पाहिलेत. आणि बायोसमध्ये टीपीएम क्लिअर असा ऑप्शन दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका.

सिक्युअर बूटची भानगड थोडी वेगळी. मशीन चालू होताना विंडोजच्या आधी जे काही लोड होतं त्यावर ओळखीचा शिक्का आहे का हे तो बघतो. तो चालायचा तर मशीन यूईएफआय पद्धतीने चालू व्हायला हवं, जुन्या लेगसी पद्धतीने नाही. हे बघायला त्याच रनच्या खिडकीत एमएसइन्फो आणि त्याला चिकटून ३२ टाइप करा, एक लांबलचक यादी येते, तिच्यात बायोस मोड ह्या ओळीपुढे काय लिहिलंय ते बघा. मामाच्या मशीनवर लेगसी होतं. मशीन यूईएफआयवाली होती, पण ज्याने पहिल्यांदा विंडोज टाकलं त्याने जुन्या सवयीने लेगसीत टाकलं आणि डिस्क एमबीआर ह्या जुन्या पद्धतीने भागांत कापली. असल्या असेंबल मशीन ठाण्यात घरोघरी सापडतील.

इथे लोक एक ठरलेली चूक करतात. बायोसमध्ये जाऊन थेट लेगसीचं यूईएफआय करतात, मग मशीन म्हणतं बूट करायला काही सापडत नाही, आणि घरात रडारड. क्रम उलटा आहे, आधी डिस्क एमबीआरमधून जीपीटी ह्या नवीन पद्धतीत बदलायची आणि मग बायोसमधली सेटिंग. डिस्क न पुसता बदलायचं टूल विंडोज १० मध्येच येतं, एमबीआर-टू-जीपीटी, ॲडमिन कमांडवरून चालतं आणि त्यात आधी नुसतं तपासून बघायची सोय आहे, व्हॅलिडेट. डिस्कवर तीनपेक्षा जास्त पार्टिशन, म्हणजे कापलेले भाग, असतील तर ते नकार देतं. मामाच्या डिस्कवर सी, डी आणि एक छोटं सिस्टिमचं, बरोब्बर तीन, म्हणून सुटलो. बॅकअप आधी घेतला होता हे सांगायला नको, पण सांगतो, घेतला होता, तासभर लागला, तेवढ्यात मामीने पोहे केले.

अर्ध्या तासात तीन लालपैकी दोन हिरवे झाले. उरला प्रोसेसर.

आणि हा लाल काही हटत नाही. मामाच्या मशीनमध्ये इंटेलचा आय५-७४०० आहे. आता हा आकडा कसा वाचायचा बघा, कारण जुना लॅपटॉप विकत घेतानाही हाच कामाला येतो. आय३, आय५, आय७ हे म्हणजे नुसता दर्जा, वय नाही. वय डॅशनंतरच्या आकड्यात असतं. ७४०० चा पहिला आकडा ७ म्हणजे सातवी पिढी. ८२५० म्हणजे आठवी. पहिला आकडा १ असेल तर पहिले दोन मिळून घ्यायचे, १०४०० म्हणजे दहावी, ११३५ म्हणजे अकरावी. विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासून पुढे, म्हणजे २०१७ च्या शेवटाकडून पुढचे प्रोसेसर. एएमडीत साधारण रायझन २००० पासून, पण त्यातलेही सगळे नाहीत, तिथे आकड्यावरून अंदाज बांधू नका, मायक्रोसॉफ्टच्या यादीत तुमचं पूर्ण मॉडेल शोधा. सेटिंग, सिस्टिम, अबाउट इथे पूर्ण नाव मिळतं.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप आपल्याकडे रिफर्बिश्ड म्हणून भरपूर विकायला येतात, त्यात "आय-सेव्हन आहे साहेब" असं सांगून चौथ्या पिढीचा माल गळ्यात मारतात. आठव्या पिढीचा आय३ विंडोज ११ घेतो, चौथ्याचा आय७ घेत नाही. सरळ डॅशनंतरचा आकडा दाखवा म्हणायचं.

मामा म्हणाला, मग फक्त प्रोसेसर बदलू या. विचार बरोबर होता, पण इंटेलने तिथेही पाचर मारून ठेवलीय, सातव्या आणि आठव्या पिढीचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, तेच दिसतं, एलजीए ११५१, पण आठवी पिढी सातव्याच्या बोर्डवर चालत नाही, ३०० सिरीजचा चिपसेट असलेला बोर्ड लागतो. म्हणजे बोर्डपण बदला. आणि रॅम जुनी डीडीआर३ निघाली तर तीपण. इथे मग जुन्याला शिवण घालण्यात अर्थ नाही.

सातवी नाही आणि आठवी का, हा प्रश्न मामाने फार मन लावून विचारला कारण त्याच्या मते त्याचा कॉम्प्युटर अन्यायाला बळी पडला होता. आणि खरं सांगू, थोडा पडलाच होता. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की नवीन विंडोजमध्ये सुरक्षेचं बरंच काम वेगळ्या बंद खोलीत होतं, म्हणजे ड्रायव्हर वगैरे लोड व्हायच्या आधी त्यांची झडती तिथे घेतली जाते, ह्याला मेमरी इंटिग्रिटी म्हणतात. ज्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सोय आहे तिथे ते फटाफट होतं, नाही तिथे सॉफ्टवेअरने नक्कल करावी लागते आणि मशीन दमतं. मुद्दा खरा आहे. शिवाय २०२१ मध्ये त्यांनी सांगितलं होतं की चाचणीच्या काळात अटीत न बसणाऱ्या मशीनवर निळ्या स्क्रीनवाले क्रॅश ५२ टक्के जास्त झाले. ठीक. पण ती खास सोय सातव्या पिढीतही होती की! तरी सातवी बाहेर, आणि सातव्यातलाच आय७-७८२०एचक्यू मात्र काही मशीनसाठी यादीत, जो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवला होता. घरचा म्हणून सवलत. रेघ कुठेतरी मारावी लागते हे मान्य आहे, पण ती निव्वळ तांत्रिक आहे असं कोणी सांगितलं तर मी हसतो.

बाकीच्या अटी पटकन. ६४-बिट प्रोसेसर दोन कोरवाला, १ गिगाहर्ट्झ, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, डायरेक्टएक्स १२ चालणारं ग्राफिक्स, नऊ इंचांपेक्षा मोठी ७२० पिक्सेलवाली स्क्रीन, आणि होम आवृत्तीला सुरुवातीला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट. ह्यात क्वचितच कोणी अडकतं. विंडोज १० ओरिजिनल असेल तर ११ चे वेगळे पैसे नाहीत, एवढंच लक्षात ठेवा, कारण "लायसन्स" म्हणून पैसे मागणारे आहेत.

आता भाचीचा लॅपटॉप. घणसोलीला ताईकडे. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी मिळेल तो घेतला होता, सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. हेल्थ चेक चालवलं. सगळं हिरवं, अभिनंदन, तुमचा पीसी विंडोज ११ ला लायक आहे! ताईने आनंदाने अपग्रेड दाबलं, आणि त्या दिवसापासून लॅपटॉप चालू केला की भाची आंघोळ करून येते तरी डेस्कटॉप पूर्ण आलेला नसतो. मामाचा चार कोरचा प्रोसेसर ह्या सेलेरॉनला कुठच्या कुठे मागे टाकेल, पण तो नापास आणि हा पास. म्हणून म्हटलं तीन प्रश्न वेगळे. हेल्थ चेक फक्त पहिल्याचं उत्तर देतं.

तिसऱ्या प्रश्नासाठी, सोसवेल का ह्यासाठी, अपग्रेडच्या आधी आजच्याच विंडोजवर एक सोपी परीक्षा घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्सच्या टॅबवर जा. आता रोज जे करता ते करा, ब्राउजरचे पाच-सहा टॅब, एक एक्सेल, बाजूला व्हॉट्सॲप, आणि आकडे बघा. मेमरी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर चिकटून बसली तर रॅम कमी आहे. डिस्क काही न करताही १०० टक्के दाखवत असेल तर रोग सापडला, आणि डिस्कच्या नावाखाली एचडीडी, म्हणजे फिरती हार्ड डिस्क, असं लिहिलेलं दिसेल. भाचीच्या लॅपटॉपवर डिस्क १०० वर आणि प्रोसेसर तीसवर, म्हणजे प्रोसेसर बिचारा हात जोडून बसलाय आणि डिस्क त्याच्या ताटात काही वाढत नाहीये. फिरती डिस्क एका सेकंदाला शंभरेक एमबी देते, तेही सलग वाचताना, इकडचं तिकडचं बारीक बारीक वाचायला लागलं की काही विचारू नका, आणि साधा साटा एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी चिपवाली डिस्क, पाचशेच्या आसपास देतो. माझ्या मते २०२१ च्या त्या अटींच्या यादीत टीपीएमपेक्षा एसएसडी असायला हवा होता, लोकांचे निम्मे शिव्याशाप वाचले असते.

भाचीच्या लॅपटॉपला एसएसडी बसवला, एक रॅमचा स्लॉट रिकामा होता त्यात आणखी ४ जीबी टाकली. रॅम घ्यायच्या आधी स्लॉट आहे की बोर्डलाच चिकटवलेली आहे हे उघडून किंवा मॉडेल नंबरवरून बघून घ्या, पातळ लॅपटॉपमध्ये बरेचदा चिकटवलेली असते आणि मग काही करता येत नाही. आता तो लॅपटॉप काही विमान झालेला नाही, सेलेरॉन तो सेलेरॉनच, पण अर्ध्या मिनिटाच्या आत उभा राहतो आणि भाची आता त्याच्यावर चिडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे ढकलून घुसवायचं. हो, करता येतं. रुफस नावाच्या टूलने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची तपासणी काढून टाकायचा पर्याय मिळतो, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, बदल करूनही होतं. मामाच्या मशीनवर ते मस्त चाललं असतं ह्यात मला शंका नाही. पण मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं की अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी नाही, आणि वर्षातून एकदा येणारा मोठा अपडेट बरेचदा आपोआप येत नाही, परत तीच कसरत हाताने करावी लागते. २०२४ ला जो २४एच२ आला त्याने तर फार जुन्या प्रोसेसरना कायमचं बाहेर काढलं, कोअर २ ड्युओवर आता काहीही युक्ती केली तरी विंडोज उभंच राहत नाही, कारण प्रोसेसरला त्यातली एक आज्ञाच समजत नाही. स्वतःच्या खेळायच्या मशीनवर खुशाल करा, मीही केलंय. सोसायटीचा हिशोब असलेल्या, आणि काही बिघडलं की मलाच फोन येणार असलेल्या मशीनवर नाही.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे कॉम्प्युटरच्या आजूबाजूचा संसार. प्रिंटर, स्कॅनर, जीएसटीचं रिटर्न भरताना लागणारा डिजिटल सहीचा टोकन, दुकानात बारकोडचं मशीन. ह्यांचे ड्रायव्हर विंडोज ११ साठी आहेत का हे कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून आधी बघा. ओळखीचे एक डीटीपीवाले आहेत, गोखले रोडच्या गल्लीत, त्यांचं बिलाचं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं, १६-बिट. ते ३२-बिट विंडोजवर चालतं, ६४-बिटवर चालतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच येतं. त्यांना मशीन नवीन घेऊनही उपयोग नव्हता. शेवटी ती जुनी मशीन इंटरनेटची वायर काढून तशीच ठेवली, बिलं तिच्यावर, बाकी सगळं नवीनवर. कुरूप आहे पण बरोबर आहे.

मॅकवाल्यांना ही हेल्थ चेकची झिगझिग नाही, ॲपल सरळ मॉडेल आणि वर्षाची यादी देतं, डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदात अबाउट धिस मॅक बघा आणि यादीशी जुळवा. इंटेलवाला मॅक असेल तर मॅकओएस २६ टाहो हा शेवटचा, आणि तोही मोजक्याच इंटेल मॉडेलवर.

विंडोजचाच हट्ट नसेल तर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची सिस्टिम. त्याला २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते म्हणतात, मी म्हणेन ४ जीबी तरी हवी, आणि टीपीएम-बिपीएम काही विचारत नाही. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की चालेल का हे तपासायला काही अंदाज बांधावा लागत नाही, पेनड्राइव्हवरूनच पूर्ण सिस्टिम चालू होते आणि हार्ड डिस्कला हात लागत नाही. मशीन चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, ज्या कंपनीचं जे असेल ते बटण दाबत राहा, बूटची यादी येते, पेनड्राइव्ह निवडा. मग वायफाय लागतं का, आवाज येतो का, यूट्यूब अडखळतं का, प्रिंट निघते का, झाकण बंद करून उघडलं की जागं होतं का आणि मराठी टाइप होतं का एवढं करून बघा. पेनड्राइव्हवरून थोडं मंद वाटतं, ते धरू नका. मामाकडे मिंट लावलं तेव्हा वायफाय, प्रिंटर सगळं पहिल्या झटक्यात, मामीने तर त्याच्यावर पत्तेही खेळून घेतले. अडलं कुठे, तर मामाच्या एक्सेलमध्ये. पंधरा वर्षांत त्याने त्यात जे मॅक्रो, म्हणजे आपोआप हिशोब करणारे छोटे प्रोग्राम, रचून ठेवलेत ते मिंटवरच्या लिबरऑफिसमध्ये धड चालेनात, आणि मेंटेनन्सची बिलं त्याच्यावरच निघतात.

मग मामाच्या मशीनचं काय ठरलं. विंडोज १० तसंच ठेवलं, ईएसयूला नाव नोंदवलं, बॅकअपच्या पर्यायाने, फुकटात. फिरती डिस्क काढून तिची जशीच्या तशी कॉपी एसएसडीवर केली. जुनी डिस्क मामाने टाकू दिली नाही, साहजिकच, ती एका यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपसाठी ठेवलीय. मिंटचा पेनड्राइव्ह त्याच्याच ड्रॉवरमध्ये. आणि ह्या वर्षात एक्सेलचं काय करायचं ते बघू, नाहीतर आठव्या-दहाव्या पिढीचा एखादा रिफर्बिश्ड डेस्कटॉप शोधू, आता घाई नाही.

निघताना बघितलं तर मामाने कॅबिनेटवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने १३-१०-२६ लिहिलं होतं. मामी म्हणाली, "अहो, हे काय, औषधाच्या बाटलीसारखं?" मामा म्हणाला, "त्याच्या आत हा येईल ना परत, पोहे खायला."